खांद्यावरचं पोर

नरेशची पाठ बघायला रविवारी जेवणं उरकल्या उरकल्या घरात माणसं जमली. पाठच, कारण तोंड काही दिसणार नव्हतं. जानेवारीत खालापूरकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात पिक्चरचं शूटिंग चाललं होतं आणि नरेश मंडपवाल्याचा टेंपो घेऊन तिथे खुर्च्या, ताडपत्र्या पोचवत होता. एके दिवशी हिरोचा डुप्लिकेट आलाच नाही. प्रॉडक्शनच्या माणसाने इकडेतिकडे बघितलं, त्याला नरेशचे खांदे पसंत पडले, आणि लांब काळा कोट चढवून त्याने नरेशला धुरातून चालायला लावलं. शेवटचा सीन. मागे वळायचं नाही, एवढंच काम. पण एवढंच काम नरेशने पळसदरीपासून कर्जतपर्यंत इतक्यांना सांगून ठेवलं होतं की पिक्चर मोबाइलवर आला तेव्हा लोकांनी हिरोआधी त्याचीच चौकशी केली.

नरेशच्या धाकट्या भावाने, स्वप्नीलने, मोबाइल टीव्हीला जोडला. दोघांची आई विठाबाई पुढे पाट घेऊन बसल्या. शेजारच्या मोतीबाई करवंदांचा वाडगा घेऊन आल्या आणि वाडगा मांडीवरच ठेवून एकट्याच खाऊ लागल्या. नरेशची बायको जागृती आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसली. तिथून टीव्हीही दिसायचा आणि झोपलेली लेक, रियाही.

खरं तर जागृतीचं पिक्चरमध्ये लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ती कामावर रुजू होणार होती. खोपोलीजवळ औषधांची कंपनी, तिथल्या लॅबमध्ये नोकरी. बी.एस्सी. होऊन, लग्न होऊन, पोर होऊन मग कुठे मिळालेली. मुलाखत जानेवारीत झाली होती, ऑर्डर यायला एप्रिल उजाडला. विठाबाई दिवसा एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला जात. नरेशचं मंडपाचं काम बहुतेक संध्याकाळचं, म्हणून रियाला दिवसभर त्याने सांभाळायचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे घरच्यांचं ठरलं होतं. जागृतीचं मन अजून तयार नव्हतं.

साडेतीन वर्षांची रिया जानेवारीपासून आगीला घाबरायची. साधी काडी पेटवली तरी स्वतःचा डावा कान मुठीत धरून अंग लाकडासारखं ताठ करायची. तान्ही असल्यापासूनच, रडू फुटलं तर तिचा पहिला हुंदका आत जायचा आणि बाहेर यायचाच नाही. ओठ निळे पडायचे, डोळे वर जायचे. तोंडावर जोरात फुंकर मारली की मग श्वास परत यायचा आणि घर दणाणून जायचं. कर्जतचे मुलांचे डॉक्टर म्हणाले होते, "रडताना श्वास धरणारी मुलं असतात, त्याने जिवाला धोका नसतो. पण ही आगीला इतकी का घाबरते ते शोधा. काहीतरी घडलं असणार."

काय घडलं ते जागृतीला ठाऊक होतं. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी तिच्या हातून कुकरचा व्हॉल्व्ह उडाला होता. डाळ छताला. रिया स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. तेव्हा मात्र ती घाबरली नव्हती, छताला चिकटलेली डाळ बघून टाळ्या पिटत हसली होती. पण दुसऱ्या दिवशी जागृती पनवेलहून मुलाखत देऊन परतली तर पोर तापाने फणफणलेली, आणि विठाबाईंनी देवापाशी निरांजन लावलं तशी तिने जी किंकाळी फोडली! "कालचं कुकरचं बसलंय मनात," नरेश म्हणाला होता. जागृतीने ते डॉक्टरांना तसंच सांगितलं. आपल्या घाईने पोरीचं हे झालं, हे ओझं ती तेव्हापासून वाहत होती. दोनदा तर नोकरी नको म्हणून कळवायला फोनही हातात घेतला होता.

पिक्चर चालू झाला. बॉम्ब निकामी करणारा हिरो, त्याची आजारी बायको, एक मूल पोटातच गेलेलं, दुसरं नाही, आणि एक वेडा खलनायक. मारामाऱ्या झाल्या, गाड्या उडाल्या. मोतीबाई मधेच एक डुलकी काढून उठल्या. शेवटी हिरो कारखान्यात शिरतो, आतून दार लावून घेतो आणि बायकोला फोनवर म्हणतो, जेवून घे. मग स्फोट. इस्पितळात बायको उठून बसते. पडदा पांढरा होतो. आणि धुरातून लांब कोट घातलेला एक माणूस पाठमोरा चालत जाताना दिसतो. त्याच्या खांद्यावर एक काजळी माखलेलं पोर. पोर मागे बघतं, आपल्याकडे बघतं. अंधार. नावं.

"ही माझी!" नरेश ओरडला खरा, पण आवाज मधेच बसला.

"काय रं पाठ हाय, दारासारखी!" मोतीबाई म्हणाल्या. "पण ह्यो मेला का जगला?"

"जगला ना मावशी! चालत नाय का गेला?" स्वप्नील.

"कसा जगला?" विठाबाई ठासून म्हणाल्या. "तो जिता असता तर स्वतः चालला असता. आपल्या नरेशला कशाला कोट घातला असता? हिरो मेला म्हणून तर दुसरा मानूस घेतला."

स्वप्नील गडाबडा लोळायचा बाकी राहिला. "आये, डुप्लिकेट तसा नसतो गं! दादा तिथं दादा नाय, हिरो हाय."

"मला नको शिकवू. मी जन्म दिलाय त्या पाठीला. तेल लावून लावून रुंद केलीये. हिरोची म्हणं!"

"बरं, जगला," मोतीबाईंनी करवंदाची बी तळहातावर टाकली. "मग ते पोर कोनाचं? त्याला तर पोर नव्हतं."

"तीच तर मेख हाय," स्वप्नील सरसावून बसला. नेटवर त्याने यावर बरंच वाचलं होतं. "काय जण म्हणतात, त्याच्या बायकोचं जे पोटातच गेलं ना, ते हे पोर. म्हणजे हिरो मेलाय आनि वर जाऊन पोराला भेटलाय. काय म्हणतात पार्ट टू येनार. आनि काय म्हणतात पहिला शेवट डायरेक्टरला आवडला नाय, म्हणून घाईत नवा शूट केला. ते खरं असंल. म्हणून तर जोडल्यासारखा वाटतो."

"मी सांगते, त्या खलनायकाचं हाय. बापाला मारलान आनि पोराला घेऊन चालला. आता वाढवील. मोठं झाल्यावर ते पोर ह्यालाच मारील."

"मावशी, तुमी डायरेक्टर व्हा!"

"झाले असते रं. चौथीतून काढली मला."

सगळे हसले. नरेश हसला नाही. कोणी ते पाहिलं नाही, कारण त्याच्याकडे कोणी बघतच नव्हतं, सगळे त्याच्या पाठीबद्दल बोलत होते. जागृतीच्या मात्र नजरेतून ते सुटलं नाही. नजर ठेवणं हा तिचा स्वभावच झाला होता. पोरीचं तोंड, दुधाचं उतू जाणं, नवऱ्याच्या आवाजातला चढउतार. आणि आता, तीन महिने ज्या पाठीची फुशारकी मारली ती टीव्हीवर आली असताना, तो माणूस टीव्हीकडे नाही तर रिमोटकडे बघत होता.

"स्वप्नील भाऊजी, ते परत लावा ना," ती म्हणाली. "मला नीट दिसलं नाही."

"आता काय परत," नरेश म्हणाला. "चहा टाक बघू सगळ्यांना."

"टाकते. लावा भाऊजी."

धूर. कोट. पाठ. पोर मागे बघतं.

"इथे थांबवा."

चित्र गोठलं. आणि लगेच नव्या वादाला तोंड फुटलं, कारण पोराचं तोंड उघडं होतं. स्वप्नील म्हणाला, ते हसतंय, म्हणजे हिरो जिवंत आहे, नाहीतर कोण हसेल? मोतीबाई म्हणाल्या, मेल्या तुला डोळे हायत का, रडतंय ते. विठाबाई म्हणाल्या, आवाज नाही तर रडतंय कशावरून? "काय ॲक्टिंग हाय एवढ्याशा जिवाची!" स्वप्नील म्हणाला. "कोनाचं पोर असंल हे? मुंबईचं असनार."

पोराच्या अंगात ढगळ खाकी शर्ट होता, डोक्याला फडकं, गालांवर काजळी. कुणाचंही असतं. पण त्या पोराने डावा कान मुठीत धरला होता.

जागृतीला हे तोंड माहीत होतं. ते हसू नव्हतं आणि रडूही नव्हतं, त्या दोन्हींच्या मधलं होतं. हुंदका आत गेला आहे आणि अजून बाहेर आलेला नाही. त्यानंतर ओठ निळे पडतात. पिक्चरवाल्यांनी नेमकं तिथेच कापलं होतं. त्यापुढे काय झालं हे घरात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो आता तिच्याकडे बघत होता.

ती उठली. "अहो, जरा आत या."

स्वयंपाकघरात तिने दार लोटलं. बाहेर स्वप्नील स्वर्गाचं समजावून सांगत होता.

"मला पनवेलला पाठवून तुम्ही रियाला शूटिंगवर नेलंत."

नरेशने आधी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग ओट्याला टेकला. "आयेनं त्या दिवशी रजा टाकलेली, पन फार्महाऊसवरून अचानक बोलावनं आलं. एकटी कुठं ठेवू? टेंपोत घेतली. केबिनमधी झोपली होती गं ती. शूटिंगवाल्यांनी मुंबईहून पोर आनलेलं, ते माझ्या अंगावर येईना, भोकाड पसरून बसलं. तेवढ्यात त्या मानसानं रियाला बघितलं. बोलला दोन मिनिटांचं काम, तोंड दिसनार नाय. आग पन नाय, नंतर कम्प्युटरनं टाकनार."

"मग?"

"आग होती. पाइप लावलेले गॅसचे. एकदम भडका उठला, आवाज असा की माझंच काळीज हललं. आनि ती मागं बघत होती."

"त्याच्यापुढे."

"काय त्याच्यापुढे? सांगितलं ना."

"पिक्चर तिथे संपतो. त्याच्यापुढे काय झालं ते सांगा."

नरेशने हाताने तोंड पुसलं. "ताठ झाली. माझ्या खांद्यावर. मला कळलं."

"कळलं? म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"हां."

"आणि?"

"चालत राह्यलो." तो खाली बघून बोलत होता. "जागृती, ऐक. मी वळलो असतो ना, तर शॉट फुकट गेला असता. मग परत घेतला असता. परत भडका. मला वाटलं, एकदाच काय ते उरकू दे. कट बोलले की पळत सुटलो मी. कसम."

तिला त्यावर पटकन ओरडता आलं नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. कारण त्याच्या बोलण्यात अर्थ होता. खोटा नव्हता तो अर्थ. पण त्याच्या खांद्यावर लेकीचा श्वास थांबला होता आणि तो माणसं सांगतील तसा धुरातून चालत होता.

"निळी पडली?"

"हां. फुंकर मारली, तू मारतेस तशी. लवकर नाय आली. लाइटवाल्या पोरानं पानी मारलं तोंडावर. मग आली." तो थांबला. "त्या येळेला मी मेलो होतो गं. खरं सांगतो."

"दवाखान्यात नेली?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"आणि कुकर?"

"ते तूच म्हनत होतीस ना..."

"मी नाही. तुम्ही म्हणालात. ह्याच जागी उभं राहून. निरांजन बघून ती किंचाळली तेव्हा, मी खांद्यावरची पर्स पण उतरवली नव्हती, तुम्ही म्हणालात, कालचं कुकरचं बसलंय मनात. मी तीन महिने त्या डाळीचे डाग घासतेय. डॉक्टरांपुढे रडले मी, आणि तुम्ही शेजारी बसून माझ्या पाठीवरून हात फिरवत होतात!"

"तुला सांगितलं असतं तर तू नोकरीचं सोडून दिलं असतंस," नरेश म्हणाला. "पोरीला पुन्हा कधी नजरेआड केली नसतीस. मला वाटलं, कुकरचं हाय तर निघून जाईल हळूहळू."

"माझ्यासाठी खोटं बोललात?"

बाहेर मोतीबाईंचा आवाज चढला होता, "पन त्या पोराला मागं कशाला बघायला लावलान? काय तरी अर्थ असंल का नाय!"

जागृती नवऱ्याला नेहमी अहो-जाहोच करायची. विठाबाईंना ते आवडायचं. कॉलेज शिकलेली पण रीत सोडली नाही, असं त्या बायकांत सांगायच्या. आता तिने दार उघडलं आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नरेश, बाहेर ये. ह्यांना शेवट सांग."

बाहेरचं बोलणं तुटलं.

"जागृती, आता नको. मावशी हायत."

"असू दे. मघापासून डोकं खाजवतायत सगळे. पोर कोणाचं, हसतंय का रडतंय. तुला माहितीये. सांग तू."

विठाबाईंचा हात पाटावर टेकला. "ही काय बोलन्याची पद्धत झाली?"

"आई, आधी ऐका."

नरेश मधोमध उभा राहिला. टीव्हीवर त्याचीच पाठ अजून गोठलेली होती. त्याने सांगितलं. आतल्यापेक्षा थोडक्यात, आणि "चालत राह्यलो" हे शब्द गाळून. जागृती म्हणाली, "तेही सांग." मग त्याने तेही सांगितलं.

मोतीबाईंनी वाडगा मांडीवरून खाली ठेवला. मग स्वप्नील एकदम म्हणाला, "म्हणजे ही आपली रिया? दादा, आपली रिया पिक्चरमधी हाय?" आणि तोंड बघायला तो टीव्हीजवळ सरकला.

"बंद कर ते, मुडद्या!" मोतीबाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. स्वप्नीलने घाईघाईने मोबाइल काढला. टीव्ही निळा पडला.

"मला बोललास टेंपोत फिरवून आनलीस," विठाबाई लेकाला म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. पण लगेच त्या सावरल्या. "बरं, झाली चूक. पोरीला काय झालं नाय ना पन? बाप हाय तो, कसाई नाय."

"कसाई कोन बोललं?" मोतीबाई म्हणाल्या.

"तिच्या तोंडावर दिसतंय."

"तिच्या तोंडावर काय दिसतंय ते तुला कळंल तवा कळंल. खांद्यावर लेकराचा दम कोंडला, आनि ह्यो चालतोय?"

"पुन्हा आगीत न्यायचं नव्हतं म्हणून चालला तो! ऐकलंस ना?"

"पहिल्यांदा नेलान कशाला?"

"वैनी, पन डुप्लिकेटला वळता येत नाय," स्वप्नील मधे पडला. "म्हणजे, दादा चुकला. पन ते सेटवर असं असतं ना..."

जागृती ऐकत होती. पाच मिनिटांपूर्वी हिरोवरून जसे भांडत होते तसेच ते आता नरेशवरून भांडत होते, त्याच जागी बसून, तसेच हातवारे करत. चुकला का नाही, वळायला हवं होतं का नाही. प्रत्येकाजवळ एकेक शेवट होता. तिला तो वाद ऐकायचा नव्हता, आणि सोडवायचा तर मुळीच नव्हता.

"उद्या मी कामावर जाणार आहे," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती जाणार नाही म्हणेल अशीच त्यांची अपेक्षा होती. तिचीही होती, मघापर्यंत.

"आज संध्याकाळच्या गाडीने रियाला घेऊन मी नेरळला माझ्या आईकडे जाते. दिवसा आई बघेल तिला. मी तिथून कर्जतला येईन, कंपनीची बस कर्जतहून आहे."

"आनि हितं? माझ्याकडं नाय ठेवनार?" नरेश म्हणाला.

त्याला बरं वाटेल असं एखादं वाक्य तिच्या ओठावर आलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून ते यायचंच. चार वर्षं ते आपोआप येत होतं. तिने ते येऊ दिलं नाही.

"आत्ता नाही."

"किती दिवस?"

"मला माहीत नाही, नरेश. मंगळवारी संध्याकाळी रियाला डॉक्टरांना दाखवायचंय, तिथे तू यायचं. कुकरचं नव्हतं, हे तू सांगायचं. मी गप्प बसणार."

"येईन."

"चालत राहिलो, हे पण."

"येईन बोललो ना," तो म्हणाला. विठाबाईंनी पदर तोंडाला लावला. मोतीबाई भिंतीकडे बघत राहिल्या.

एवढ्या कल्लोळाने रिया जागी झाली होती. केस विस्कटलेले, एका गालावर उशीच्या शिवणीची रेघ. उंबऱ्यात येऊन तिने माणसं पाहिली, इतकी माणसं आणि सगळी गप्प, म्हणून जरा बावरली. मग तिला बाप दिसला. ती जागृतीच्या अंगावरून सरळ त्याच्याकडे गेली आणि रोजच्यासारखे दोन्ही हात वर केले.

नरेश वाकला नाही. त्याने जागृतीकडे बघितलं.

रियाने हात हलवले. "पप्पा, घे ना."

ज्याने आपल्याला आगीकडे नेलं तोच हा, हे पोरीला आठवत असेल का? की तिला फक्त आग आठवते, आणि बाप तिच्या लेखी तिथे नव्हताच? जागृतीला कळेना. डॉक्टरांना विचारायला हवं. कदाचित त्यांनाही सांगता येणार नाही.

"घे," ती म्हणाली. "कडेवर घे. तोंड तुझ्याकडे राहू दे तिचं."

नरेशने तिला उचललं. रियाने त्याच्या गळ्यात हात टाकून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, पाणी हवं होतं बहुतेक. पण तो पाण्याकडेही निघाला नाही. सगळ्यांच्या मधोमध, पोरीला छातीशी धरून, जागृती पुढे काय म्हणते त्याची वाट बघत तो जागच्या जागी उभा राहिला.